मान मोडून घ्यावी का? कायरोप्रॅक्टिक, मणक्याचे झटके आणि डॉक्टरांचे मतभेद

काटकोन (धागाकर्ता)

'कायरोप्रॅक्टिक (म्हणजे मुख्यतः मणक्याला हाताने झटके देऊन केलेले उपचार) सुरक्षित असतं का?' हा प्रश्न गेल्या काही महिन्यांत तीन-चार धाग्यांवर अवांतर म्हणून आला आणि दर वेळी मूळ धागा भरकटला. म्हणून हा स्वतंत्र धागा. न्यूरो, ऑर्थो, रेडिओलॉजी, फिजिओ असे सगळ्या बाजूंचे लोक इथे आहेत, त्यांनी लिहावं. एकच विनंती: 'मला एका झटक्यात बरं वाटलं' आणि 'आमच्या शेजाऱ्यांना लकवा मारला' या दोन्ही प्रकारच्या गोष्टी बाहेर ठेवूया.

आधी शब्द नीट लावून घेऊ, कारण निम्मी भांडणं तिथेच होतात.

मोबिलायझेशन म्हणजे सांधा त्याच्या नेहमीच्या मर्यादेत हळूहळू, लयीत हलवणं. मेटलंड या फिजिओथेरपिस्टच्या पद्धतीतल्या पहिल्या चार पायऱ्या या. रुग्णाला दुखलं तर तो 'थांबा' म्हणू शकतो आणि हात थांबतो. मॅनिप्युलेशन किंवा थ्रस्ट ही पाचवी पायरी. सांधा मर्यादेच्या टोकाशी नेऊन तिथून छोटा पण अतिशय जलद धक्का. हा धक्का साधारण १०० ते २०० मिलिसेकंदांत संपतो. एवढ्या वेळात रुग्णाला 'नको' म्हणणं सोडाच, स्नायू आवळणंही जमत नाही. सुरक्षिततेची सगळी चर्चा या पाचव्या पायरीची आहे.

'कट्ट' आवाजाबद्दल. तो हाडाचा नसतो आणि मणका 'जागेवर बसल्याचा' तर नसतोच. सांध्यातल्या वंगणासारख्या द्रवात दाब एकदम उतरला की वायूची पोकळी तयार होते, तो आवाज. बोटं मोडताना नेमकं हेच होतं, आणि २०१५ साली ते चालू एमआरआयमध्ये टिपलं गेलं. त्याच सांध्यातून पुन्हा आवाज यायला वीसेक मिनिटं जावी लागतात. आवाज आला म्हणजे उपचार झाला आणि नाही आला म्हणजे फुकट गेला, असं काही नाही.

इतिहास एका ओळीत: डी. डी. पामर, डेव्हनपोर्ट, आयोवा, १८९५. मणके किंचित सरकतात (त्यांच्या भाषेत 'सबलक्सेशन') आणि बहुतेक रोग त्यातून होतात, अशी मूळ मांडणी. ब्रिटनमध्ये कायरोप्रॅक्टरांची नोंदणी करणाऱ्या जनरल कायरोप्रॅक्टिक कौन्सिलनेच २०१० मध्ये सांगून टाकलं की या कल्पनेला संशोधनाचा आधार नाही. त्यामुळे त्यावर इथे वेळ घालवू नये असं मला वाटतं.

हातोडा (न्यूरॉलॉजी)

चांगला धागा. मी फक्त मानेबद्दल लिहितो, कारण आमच्या शाखेची तक्रार मानेपुरतीच आहे.

मेंदूच्या मागच्या भागाला रक्त पुरवणाऱ्या दोन व्हर्टिब्रल धमन्या मानेच्या सहाव्या मणक्याच्या बाजूच्या छिद्रात शिरतात आणि एकेका मणक्याच्या छिद्रातून वर जातात. दुसऱ्या मणक्यापर्यंत हा प्रवास सरळ आहे. त्यानंतर धमनी बाहेरच्या बाजूला वळते, पहिल्या मणक्याच्या छिद्रातून वर येते, त्याच्या मागच्या कमानीवरून आडवी जाते आणि मग कवटीत शिरते. आता मान वळते कुठे? डोकं डावी-उजवीकडे फिरण्यातला जवळजवळ अर्धा भाग एकट्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधल्या सांध्यात होतो. म्हणजे धमनीचं सगळ्यात वाकडं वळण बरोबर सगळ्यात जास्त फिरणाऱ्या सांध्यावर आहे. मान उजवीकडे फिरवली की डावी धमनी ताणली जाते.

धमनीच्या भिंतीला तीन थर असतात. आतला थर फाटला की रक्त भिंतीत शिरतं आणि थर एकमेकांपासून सुटतात. याला डिसेक्शन म्हणतात. पुढे दोन गोष्टी होऊ शकतात. भिंतीत साठलेल्या रक्तामुळे आतली वाट अरुंद होते. किंवा फाटलेल्या जागी गुठळी धरते, तिचा तुकडा सुटून वर मेंदूत जातो. दुसरी गोष्ट जास्त वेळा होते, आणि ती तासाभरात होईल किंवा आठवड्याभराने. म्हणून 'टेबलावरून उठताना ठीक होते ना' या वाक्याला काही अर्थ नाही.

मानेतल्या धमन्यांचं डिसेक्शन (मानेच्या पुढच्या बाजूने मेंदूकडे जाणाऱ्या कॅरोटिड धमन्या धरून) वर्षाला लाखात साधारण तिघांना होतं. एकूण पक्षाघातांत त्याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास, पण पन्नाशीच्या आतल्या पक्षाघातांत तो खूप मोठा होतो, काही रुग्णसमूहांत पाव भागापर्यंत. आणि कायरोप्रॅक्टरकडे मान दाखवायला जाणारा माणूस बहुधा याच वयाचा असतो.

माझं मत: मानेवर, विशेषतः वरच्या मानेवर, फिरवून दिलेला झटका कोणालाही देऊ नये. २००२ मध्ये कॅनडातल्या साठहून अधिक न्यूरॉलॉजिस्टांनी जाहीर इशारा दिला होता. त्याचा रोखही हाच होता.

टोरांटोकर (कायरोप्रॅक्टर, ओंटारिओ)

चर्चेत कायरोप्रॅक्टर मीच एकटा दिसतो, तेव्हा दुसरी बाजू मांडतो. शरीररचना हातोडा यांनी अचूक लिहिली आहे, वाद तिथे नाही.

पहिला मुद्दा यांत्रिक. झटक्याच्या वेळी व्हर्टिब्रल धमनी किती ताणली जाते हे कॅल्गरीत मृतदेहांवर मोजलं गेलं (सायमन्स, लेनर्ड, हर्झॉग, २००२). झटक्यातला ताण ६ टक्क्यांच्या आसपास होता. नुसती मान शेवटपर्यंत वळवून तपासताना होणाऱ्या ताणापेक्षा तो जास्त नव्हता. धमनी तुटायला ती मूळ लांबीच्या १३९ ते १६२ टक्क्यांपर्यंत ओढावी लागली. गाडी मागे घेताना आपण मान वळवतो तेव्हाही धमनी ताणली जातेच.

दुसरा मुद्दा प्रत्यक्ष नोंदींचा. ब्रिटनमध्ये १९,७२२ रुग्णांवरचे मानेचे ५०,२७६ झटके नोंदले गेले (थील, २००७). एकही गंभीर घटना नाही. हाँगकाँगमधल्या ९ लाख ६० हजारांहून जास्त बैठकांच्या अभ्यासात (२०२३) गंभीर म्हणाव्यात अशा दोन घटना सापडल्या. दोन्ही बरगडीच्या, दोन्ही साठीपुढच्या आणि हाडं ठिसूळ झालेल्या बायकांच्या.

तिसरा मुद्दा तुलनेचा. मान दुखते म्हणून डायक्लोफेनॅक नाहीतर आयबुप्रोफेन महिनाभर खाणाऱ्या माणसाच्या पोटातल्या रक्तस्रावाची जोखीम कोणी मोजतं का?

छेद_अंश (साथरोग-संख्याशास्त्र)

टोरांटोकर, तुमचे आकडे बरोबर आहेत. त्यातून काढलेला अर्थ तपासू.

५०,२७६ मध्ये शून्य म्हणजे जोखीम शून्य नव्हे. शून्य घटनांसाठी सोपा हिशोब असतो: तीनला एकूण संख्येने भागायचं. ५०,२७६ भागिले ३ म्हणजे साधारण १६,७५०. अर्थात खरी जोखीम '१६,७५० झटक्यांत एक' इतकी वाईट असती तरी एवढ्या मोठ्या अभ्यासात शून्य दिसू शकलं असतं. लाखात तीन अशा दुर्मीळ आजाराला पन्नास हजारांचा नमुना फारच तोकडा. शिवाय हाँगकाँगचा अभ्यास एकाच साखळीतल्या क्लिनिकांच्या स्वतःच्या नोंदींवर आधारलेला आहे. ज्याला आठ दिवसांनी पक्षाघात झाला तो रुग्णालयात जातो. क्लिनिकला फोन करून कळवत बसत नाही.

कायरोप्रॅक्टरांच्या पत्रकांत आणखी एक आकडा कायम दिसतो: '५८ लाख ५० हजार झटक्यांत एक'. तो कॅनडातल्या व्यावसायिक विम्याच्या दाव्यांवरून काढलेला आहे (हॅल्डमन, २००१). दहा वर्षांतले २३ दावे आणि अंदाजे साडेतेरा कोटी झटके. भागाकार चोख, पण अंशस्थानी पक्षाघात नाहीत, दावे आहेत. ज्याने दावा केला नाही, ज्याला संबंध लक्षातच आला नाही, तो मोजलाच गेला नाही. हा कमीत कमी आकडा आहे आणि खपवला जातो खरा म्हणून.

आता उलट बाजू, कारण न्यूरोवालेही सोयीचे आकडे उचलतात. २००१ मध्ये रॉथवेल आणि मंडळींनी ओंटारिओच्या नोंदी पाहिल्या. पंचेचाळिशीच्या आतल्या, व्हर्टिब्रल-बेसिलर (म्हणजे मेंदूच्या मागच्या भागातला) पक्षाघात झालेल्या रुग्णांत आदल्या आठवड्यात कायरोप्रॅक्टरकडे जाऊन आल्याचं प्रमाण इतरांच्या पाचपट निघालं. बातमी झाली. २००८ मध्ये कॅसिडी यांनी त्याच प्रांताच्या नोंदी जास्त वर्षांच्या घेतल्या (८१८ पक्षाघात) आणि एकच जादा प्रश्न विचारला: हे रुग्ण फॅमिली डॉक्टरकडे किती वेळा गेले होते? तर तरुण रुग्णांत तोही संबंध तसाच निघाला. फॅमिली डॉक्टर काही मान मोडत नाही, गोळ्या लिहून देतो. मग?

मग असं, की धमनी आधीच फाटलेली असते. फाटलेल्या धमनीचं पहिलं लक्षण मान आणि डोकं दुखणं हेच. मान दुखली की माणूस कोणाकडे तरी जातो, कायरोप्रॅक्टरकडे नाहीतर डॉक्टरकडे. पक्षाघात नंतर येतो आणि खापर शेवटच्या हातावर फुटतं.

पण कॅसिडींच्या अभ्यासालाही भोकं आहेत. नोंदीत 'कायरोप्रॅक्टरकडे गेला' एवढंच आहे, मान मोडली की कंबर हे नाही. रुग्णालयाचे निदानाचे कोड डिसेक्शन आणि इतर पक्षाघात यांत फरक करत नाहीत. साठीच्या माणसाच्या कडक झालेल्या धमनीतला पक्षाघातही त्यातच. तेव्हा 'कॅसिडींनी झटका निर्दोष ठरवला' हेही खरं नाही.

हातोडा

छेद_अंश, मान्य. पण तुमच्याच मांडणीतून निघणारी एक गोष्ट बघा. समजा, धमनी आधीच फाटलेली होती. म्हणजे मान दुखते म्हणून आलेल्यांत काही जण फाटलेली धमनी घेऊन आलेले असणारच. त्यांच्या मानेला झटका देणं ठीक आहे का? ताज्या गुठळीवर? कॅल्गरीतले मृतदेह म्हाताऱ्या माणसांचे होते, संख्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि धमन्या फाटलेल्या नव्हत्या. चांगली दोरी किती ओढली की तुटते हे मोजून उसवलेल्या दोरीबद्दल काही कळत नाही.

'कारण की योगायोग' हा वाद म्हणूनच मला उपचाराच्या दृष्टीने दुय्यम वाटतो. दोन्ही उत्तरांत सल्ला एकच निघतो.

टोरांटोकर

हा मुद्दा मात्र मी मान्य करतो. आणि आमच्यातले बरेच जण करतात. नव्याने, अचानक सुरू झालेलं, 'असं आधी कधीच दुखलं नव्हतं' असं एका बाजूचं मानेचं आणि डोक्याच्या मागचं दुखणं असेल तर हात लावायचा नाही, पाठवून द्यायचं. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०१४ च्या निवेदनात 'झटका कारण आहे' असं म्हटलेलं नाही, पण संबंध आढळतो हे रुग्णाला आधी सांगा असं म्हटलं आहे. सही नसेल तर मानेला झटका नाही, हा नियम पाळायला काय जातं?

आडगाव (फॅमिली डॉक्टर)

सहीबद्दल एक शंका. बारीक अक्षरातल्या फॉर्मवर सही घेणं आणि 'यात फार क्वचित पक्षाघात होऊ शकतो, न करता व्यायामानेही असाच फरक पडतो' हे मराठीत तोंडी सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी. दुसरं सांगितलं तर किती जण टेबलावर झोपतील?

काटकोन

आडगाव यांनी वर्मावर बोट ठेवलं. जोखमीचा आकडा नक्की कळत नसेल तर तराजूच्या दुसऱ्या पारड्यात काय आहे ते बघायचं. ते पारडं मानेच्या बाबतीत हलकं आहे.

मिनेसोटात २७२ रुग्णांवर चाचणी झाली (ब्रॉनफोर्ट, २०१२). नव्याने मान दुखणाऱ्यांचे तीन गट: झटके, औषधं, आणि घरी करायचे व्यायाम. झटके औषधांपेक्षा सरस ठरले. कायरोप्रॅक्टर हे वाक्य सांगतात. पुढचं वाक्य: घरचा व्यायाम झटक्यांच्या तोडीस तोड ठरला, आणि तो शिकवायला एक-दोन भेटी पुरल्या. कॉक्रेनच्या (सगळ्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) २०१५ च्या आढाव्यात मानेसाठी झटका आणि मोबिलायझेशन यांच्यात फारसा फरक आढळला नाही. मग पाचवी पायरी चढायची कशाला? चौथ्यावर थांबून तेवढंच मिळतंय.

झटकाच घ्यायचा असेल तर पाठीच्या वरच्या भागाला, मानेच्या खाली, झटका देऊनही मानदुखीत काही दिवस आराम पडतो. तिथे व्हर्टिब्रल धमनी नाही. मात्र तिथे जोर मानेपेक्षा तिप्पट-चौपट लागतो, तेव्हा बरगडी आणि ठिसूळ हाडं यांचा विचार हवा.

पाचवा मणका (स्पाइन सर्जन)

कंबरेबद्दल कोणीच लिहिलं नाही. कंबरेत धमनीचं हे भय नाही आणि पुरावाही बरा आहे. 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकातल्या २०१७ च्या आढाव्यात नव्या कंबरदुखीत १०० च्या मोजपट्टीवर दुखणं सरासरी १० ने कमी झालं. हा फायदा माफक, पण खोटा नाही. जुन्या कंबरदुखीत इतर चांगल्या उपचारांइतकाच. अमेरिकेतल्या फिजिशियनांच्या संस्थेने २०१७ च्या मार्गदर्शनात त्याला जागा दिली. ब्रिटनच्या नाइसने (उपचारांचं मार्गदर्शन ठरवणारी सरकारी संस्था) २०१६ मध्ये दिली, पण व्यायामासोबतच, एकट्याने नाही. तेव्हा 'सगळे डॉक्टर विरोधात आहेत' हे खरं नाही. आम्हा लोकांत मतभेद आहेत आणि ते मणक्याच्या कुठल्या भागाबद्दल बोलताय त्यावर ठरतात.

कंबरेत चुकतं ते निवडीत. 'गादी सरकली' हे निदान घेऊन आलेल्या माणसाला झटका द्यायच्या आधी विचारायचे प्रश्न: लघवीला जायची भावना होते का, धार नेहमीसारखी आहे का, पुसताना किंवा बसताना मांड्यांच्या आतल्या बाजूला, गुदद्वाराभोवती बधिर वाटतं का, कळ दोन्ही पायांत उतरते का? पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'नाही' किंवा पुढच्या दोनपैकी एकाचंही 'हो' असेल तर कॉडा इक्वायना, म्हणजे मणक्याच्या खालच्या टोकाला निघणाऱ्या नसांचा झुबका दाबला जातोय, असं धरून त्याच दिवशी एमआरआय. लघवी करून झाल्यावर मूत्राशयात २०० मिलीपेक्षा जास्त उरत असेल तर शंका फार बळकट. इथे शस्त्रक्रियेला उशीर झाला तर पाय सुधारतात, लघवी-संडासवरचा ताबा कधीकधी परत येत नाही. अडचण ही की रुग्ण हे स्वतःहून सांगत नाही. बाईमाणूस तर नाहीच. विचारावं लागतं, स्पष्ट शब्दांत.

आणि परदेशी मार्गदर्शनात ज्याला जेमतेम एक ओळ मिळते पण आपल्याकडे जे पहिल्या पानावर हवं, ते म्हणजे मणक्याचा टीबी. पाठ रात्री जास्त दुखते, संध्याकाळी कसर येते, वजन उतरतंय, भूक नाही, पाठ फळीसारखी कडक. साध्या एक्स-रेत हाडाचा तिसरा हिस्सा ते निम्मा भाग झिजेपर्यंत फारसं दिसत नाही, त्यामुळे 'एक्स-रे नॉर्मल आहे' हा भरवसा नाही. एमआरआयमध्ये आधी कळतं. आतून पोखरलेल्या मणक्यावर झटका बसला तर तो खचतो, पू आणि हाडाचे तुकडे मज्जारज्जूवर येतात, पाय जातात. औषधांनी बरा होणारा आजार शस्त्रक्रियेचा होऊन बसतो.

मानेचंही एक, हातोडा यांच्या धमनीपलीकडचं. पन्नाशीपुढच्या माणसात मज्जारज्जूची वाट आधीच अरुंद असू शकते, मणक्यामागचा पट्टा हाडासारखा कडक होतो. विचारायचं: शर्टाची बटणं लावताना बोटं अडखळतात का? चालताना पायातली चप्पल निसटते का, आणि निसटलेली कळते का? कळून निसटते तेव्हा ताकद कमी आहे. न कळता निसटते तेव्हा संवेदना गेली आहे. दोन्हींत मानेला झटका वर्ज्य. आमवात आणि डाउन सिंड्रोममध्ये पहिला-दुसरा मणका मुळात सैल असू शकतो, तिथेही वर्ज्य. स्टेरॉइड वर्षानुवर्षं घेणारे, रक्त पातळ करायच्या गोळ्यांवरचे, कॅन्सर होऊन गेलेले: यांची पाठही नाही, मानही नाही.

छेद_अंश

चप्पल निसटण्याचा प्रश्न परदेशी पाठ्यपुस्तकात नसतो. बुटाच्या देशात चप्पल कुठून निसटणार! +१.

रातपाळी (इमर्जन्सी)

पाचवा मणका यांचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावावा असा.

आमच्या टोकाचं थोडं. मान मोडल्यानंतर, किंवा नुसती मान दुखत असताना, यातलं काहीही झालं तर झोपून बघू नका: घेरी आणि चालताना एका बाजूला तोल जाणं, दोन-दोन दिसणं, जीभ जड होणं, गिळताना ठसका, आवाज बसणं, न थांबणारी उचकी, एका बाजूचा चेहरा आणि विरुद्ध बाजूचं अंग बधिर होणं, एक पापणी खाली येऊन त्याच डोळ्याची बाहुली बारीक होणं. ही शेवटची खूण कॅरोटिडच्या डिसेक्शनची, आणि तिच्याकडे 'डोळ्याचं काहीतरी' म्हणून हमखास दुर्लक्ष होतं.

चक्कर, उलटी आणि मानदुखी घेऊन आलेल्या पस्तिशीच्या माणसाला 'स्पाँडिलिसिसची चक्कर' किंवा 'पित्त' म्हणून इंजेक्शन देऊन घरी पाठवणं, ही आपल्याकडची नेहमीची चूक. धड चालता येत नसेल तर ती साधी चक्कर नव्हे. गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यायचं असतं. मानेतल्या (कवटीबाहेरच्या) धमनीचं डिसेक्शन असलं म्हणून ते द्यायचं नाही, असं नाही. म्हणून इमर्जन्सीत 'काल मान मोडून घेतली' हे लपवू नका, लाज वाटली तरी सांगा. त्यावरून तपासणीची दिशा बदलते.

काळापांढरा (रेडिओलॉजी)

तपासणीबद्दल. साधा सीटी मेंदूच्या मागच्या भागातला नवा पक्षाघात बऱ्याचदा दाखवत नाही. 'सीटी नॉर्मल' वर थांबू नका. एमआरआयमधला डिफ्यूजन (ताजा पक्षाघात दाखवणारा भाग) सुद्धा पहिल्या दिवसात मागच्या भागात काही वेळा कोरा येतो.

धमनीसाठी इमर्जन्सीत सीटी अँजिओग्राफी, महाधमनीच्या कमानीपासून डोक्यापर्यंत. 'फक्त डोकं' लिहून पाठवलं तर नेमका मानेतला भाग सुटतो. एमआरआय करणार असाल तर मागणीपत्रावर 'डिसेक्शनची शंका' असं स्वच्छ लिहा, म्हणजे मानेचे चरबी दाबलेले टी-वन आडवे छेद घेतले जातात. त्यात भिंतीतलं रक्त चंद्रकोरीसारखं पांढरं दिसतं. पण पहिले दोन-तीन दिवस ते उजळत नाही. त्यामुळे लगेच काढलेल्या एमआरआयमध्ये चंद्रकोर नाही म्हणून डिसेक्शन नाही, असं म्हणता येत नाही. मानेच्या साध्या डॉपलरमध्ये (रक्तप्रवाहाच्या सोनोग्राफीत) व्हर्टिब्रलचं वरचं वळण दिसतच नाही.

आणि कायरोप्रॅक्टर 'आधी पूर्ण मणक्याचा एक्स-रे काढला, सगळं सुरक्षित आहे' म्हणतात, त्याबद्दल: एक्स-रेत धमनीची भिंत दिसत नाही.

आडगाव

निदान झालं तर पुढे काय, एवढं सांगा. गावाकडे हे रुग्ण परत आमच्याकडेच येतात.

हातोडा

रक्त पातळ ठेवणारी औषधं, साधारण ३ ते ६ महिने. अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेलसारखी की वॉरफॅरिनसारखी, यावर २०१५ मध्ये २५० रुग्णांची चाचणी झाली (कॅडिस). पुन्हा पक्षाघात दोन्ही गटांत इतका कमी झाला की फरक काढता आला नाही. धमनी बहुतेकदा आपोआप भरून येते, ३ ते ६ महिन्यांनी पुन्हा अँजिओग्राफी करून बघतात. औषध स्वतःहून बंद करू देऊ नका. शीर्षासन, सर्वांगासन, जड वजनं, आणि अर्थात मान मोडणं, बंद.

निमशहरी

वाचतोय सगळं. दोन प्रश्न. एक, झटका देण्याआधी मान मागे वाकवून, वळवून तसंच धरून 'चक्कर येते का' बघतात, ती तपासणी पुरेशी नाही का? दोन, तान्ह्या बाळांना पोटदुखीसाठी कायरोप्रॅक्टिक करतात, ते?

काटकोन

एक: नाही. त्या चाचणीत धोक्याचे बरेच रुग्ण सुटतात, आणि धमनी फाटलेली असेल तर चाचणीच तिला ताण देते. हाताने उपचार करणाऱ्या फिजिओथेरपिस्टांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने (आयफॉम्प्ट) मानेसाठी जी चौकट दिली, २०२० मध्ये सुधारली, तीत भर वेगळ्याच गोष्टींवर आहे. आधी सविस्तर विचारपूस: दुखणं कधीपासून, आधीसारखंच आहे की नवीनच, अलीकडे मानेला हिसका किंवा मार बसला का, अर्धशिशी आहे का, नुकताच ताप-सर्दीसारखा संसर्ग झाला का, सिगारेट. मग रक्तदाब मोजणं, चेहरा-डोळे-जीभ यांच्या नसांची तपासणी, चाल बघणं, हाताच्या बोटांचं हॉफमन (मज्जारज्जू दाबला गेलाय का ते बघायची चाचणी). दहा मिनिटं लागतात. ज्या ठिकाणी रक्तदाबाचं यंत्रच नाही तिथे मान देऊ नका, इतकी सोपी खूण.

याच कारणाने पट्टा बांधून डोकं एकदम वर ओढण्याचा तो 'वाय-स्ट्रॅप' प्रकार मला निवडीच्या चौकटीत बसवताच येत नाही. कुठला सांधा, किती जोर, कुठे थांबायचं, काहीच हातात राहत नाही.

दोन टोरांटोकर सांगतील.

टोरांटोकर

बाळांच्या पोटदुखीला, कानाच्या संसर्गाला, दम्याला मणक्याचे उपचार करण्याला धड पुरावा नाही. मी समर्थन करणार नाही. ब्रिटनमध्ये सायमन सिंग यांनी २००८ मध्ये गार्डियनमध्ये हेच लिहिलं, कायरोप्रॅक्टरांच्या संघटनेने त्यांच्यावर बदनामीचा खटला भरला आणि २०१० मध्ये तो मागे घ्यावा लागला. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्याच्या चौकशीत गंभीर इजेच्या नोंदी फारशा सापडल्या नाहीत, पण फायद्याचा पुरावाही जवळपास सापडला नाही. २०१९ मध्ये तिथल्या नोंदणी मंडळाने दोन वर्षांखालच्या मुलांच्या मणक्याला झटके देण्यावर बंधन आणलं. २०२३ मध्ये ते सैल केलं, २०२४ मध्ये आरोग्यमंत्र्यांच्या दबावानंतर पुन्हा घातलं.

पण एक लक्षात घ्या. हे सगळं करता आलं कारण तिथे मंडळ आहे, नोंदणी आहे, तक्रार करायला जागा आहे.

आडगाव

तोच आपल्याकडचा प्रश्न. भारतात कायरोप्रॅक्टर म्हणून नोंदणी करणारी वैधानिक परिषद नाही. परदेशात चार वर्षं शिकून आलेला आणि शनिवार-रविवारच्या कार्यशाळेचं प्रमाणपत्र भिंतीवर लावलेला, दोघांच्या पाटीवर शब्द एकच. निदान फिजिओथेरपिस्टकडे जात असाल तर महाराष्ट्रात त्यांची राज्य परिषद आहे, नोंदणी क्रमांक मागा. विचारल्यावर जो चिडतो त्याच्याकडे जाऊ नका.

आणि आपण चर्चा करतोय इन्स्टावरच्या क्लिनिकांची, पण महाराष्ट्रात सगळ्यात जास्त माना मोडल्या जातात त्या केशकर्तनालयात. दाढी झाली, डोक्याची चंपी झाली, की न विचारता हनुवटी आणि टाळू धरून दोन्ही बाजूंना कट्ट. नेमका हातोडा यांनी लिहिलेला, वरच्या मानेला फिरवून दिलेला झटका. विचारपूस नाही, तपासणी नाही. २०१७ मध्ये दिल्लीजवळ अशाच मान मोडण्यानंतर श्वासपटलाची नस निकामी झाल्याची घटना गाजली होती. ती नस मानेच्या तिसऱ्या ते पाचव्या मणक्यापाशी निघते. त्या मानाने उसण भरल्यावर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घ्यायची आपली जुनी रीत निरुपद्रवी म्हणायची. पाय हळूच लागतो आणि उसण तशीही चार दिवसांत उतरते.

हातोडा

पायाळूवाल्याला निदान सांध्याच्या टोकापर्यंत जायचं नसतं!

रातपाळी

सलूनसाठी एक व्यवहाराची गोष्ट. 'मान मोडू नका' हे चंपी संपल्यावर सांगून उपयोग नसतो, तोवर हात हनुवटीखाली गेलेला असतो आणि झटका पाव सेकंदाच्या आत होऊन जातो. खुर्चीत बसताना, कापड गळ्याभोवती बांधायच्या आधीच सांगायचं.

काटकोन

क्लिनिकमध्येही तेच. 'मानेला फक्त मोबिलायझेशन, झटका नको' हे वाक्य केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा. थेरपिस्ट बदलला तरी पुढच्याच्या नजरेस पडतं. पुढच्या आठवड्यात मानेचे घरी करायचे व्यायाम, आवर्तनं आणि कुठे थांबायचं यासकट, वेगळ्या धाग्यात टाकतो. इथे आणखी कोणाला आकड्यांबद्दल विचारायचं असेल तर छेद_अंश यांना गाठा.